जया जिथे वाजवत नाही

बँड काढला की गाणी कमी आणि किस्से जास्त साठतात, हा आमचा अनुभव. स्वतःची म्हणावीत अशी आमची गाणी मोजकीच, पण टपरीवर चहाला बसलो की किस्से संपत नाहीत. आणि कुठलाही किस्सा काढा, त्यात शेवटी जया असतोच!

आधी माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. मी संजय, बोईसरला एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. बँडमध्ये गिटार वाजवतो, गातो आणि गाणीही मीच लिहितो. हे शेवटचं मी जरा मोठ्याने सांगतो. मंगेश बेस गिटारवर. जयेश, म्हणजे आमचा जया, ड्रमवर. तो किनाऱ्यावरच्या नवापूरचा, घरात बोट, सगळं घर मासळीच्या धंद्यात, हा एकटाच वायरमन निघाला. मंगेशच्या मामाचा एक गाळा रिकामा होता, तिथे माझी फर्स्ट शिफ्ट सुटली की आमची प्रॅक्टिस.

भिंतीपलीकडच्या वर्कशॉपमध्ये माझे बाबा पॉवर प्रेस चालवायचे. पत्र्याचा तुकडा डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, ठाक! तो काढायचा, दुसरा ठेवायचा. वर्षानुवर्षं हेच, आणि कायम सेकंड शिफ्ट.

आमचं मुख्य गाणं त्यांच्यावरच आहे. नाव 'सेकंड शिफ्ट'. तीन कॉर्डचं साधं सरळ रॉक. लहानपणी मासवणच्या घरी बाबांची वाट बघत मी झोपून जायचो, त्याचं गाणं. धृपदाची शेवटची ओळ आहे, 'दार उघडंच आहे, बाबा.'

आता गंमत बघा. बाबांनी हे गाणं रोज ऐकलं आणि कधीच ऐकलं नाही! कानात बोळे, समोर प्रेस, भिंतीतून पोचायचे ते फक्त ड्रम. घरी आले की म्हणायचे, "संज्या, तुमची ती आदळआपट आजून किती दिवस चालनार हाय?" मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा तरी शब्द ऐकावेत. आणि माझ्या मते मध्ये आडवा उभा होता तो जया.

*

जया बँडमध्ये आला तो पंखा लावायला.

ड्रमर मिळत नव्हता. लग्नात वाजवणाऱ्या एका मोडलेल्या बँडकडून घेतलेला सेट कोपऱ्यात धूळ खात होता. पंखा लावून झाल्यावर जया म्हणाला, "आमी हळदीत वाजवतो. बसू का जरा?"

मी म्हटलं, "बस, पण गाणं साधं आहे. तूही साधं वाजव."

"साधं म्हंजे किती साधं?"

"धाड-ताड, धाड-ताड. बास."

पहिलं कडवं तो धाड-ताडच वाजवत होता. दुसऱ्या कडव्यात त्याच्यातली हळद जागी झाली! स्टँडला पाना मारला, बादली उलटी केली, स्वतःच्या मांडीवर वाजवलं. मला माझाच आवाज ऐकू येईना. गाणं संपलं आणि त्याने नुकताच लावलेला पंखा फिरता फिरता वाकडा झाला.

जया वर बघून म्हणाला, "वायरिंग बरोबर हाय. गानं ढिलं हाय."

मंगेश त्याच्यावर तिथेच खूश. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, हा गाणं खाऊन टाकेल!" तर मंगेश म्हणतो कसा, "खाऊ दे ना. तुझं गाणं जरा पथ्याचंच आहे."

*

जयाचे प्रयोग हा वेगळाच विषय. निळी प्लास्टिकची पिंपं आणली. बोटीचा जुना पितळी पंखा दोरीला टांगला, त्यावर वाजवलं की दात शिवशिवायचे. एक दिवस त्याने तराजूचं पारडं आणलं. काय नाद होता त्याचा!

दुसऱ्या दिवशी त्याची आई थेट गाळ्याच्या दारात. बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसते ती, डोक्यावर पाटी तशीच. "जया! माजा तराजू कुटं हाय? बोंबील काय मी हातानं तोलू?"

जया पारडं सोडवायला लागला, तेवढ्यात मंगेश म्हणाला, "मावशी, आलाच आहात तर एक गाणं ऐकून जा." मावशींनी पाटी उतरवली आणि बसल्या. मी जीव ओतून गायलो. डोळे मिटून गायलो, खोटं कशाला सांगू!

गाणं संपलं. मावशी लेकाकडे बघत राहिल्या, डोळ्यांत पाणी. मग माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाल्या, "झकास वाजवलं रं पोरा. पन ह्यो मदी मदी कोन वरडतो?"

*

एका कंपनीत सत्यनारायणाच्या पूजेला आमचा कार्यक्रम होता. भर दुपारी, गेटजवळच्या मांडवात. 'सेकंड शिफ्ट' चालू, पब्लिक मस्त डोलतंय, आणि एवढ्यात शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला.

दुसरा कुणी थांबला असता. जयाने भोंग्याचा सूर उचलला! भोंगा जसा चढला तसा हा चढला. भोंगा उतरला तसा हाही उतरला आणि शेवटी दोन्ही सिंबल एकदम, धडाम! असा जबरदस्त शेवट आमच्या कुठल्याच गाण्याला आजवर झाला नव्हता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठले आणि सरळ शिफ्टच्या बसमध्ये जाऊन बसले.

गाण्याची दोन कडवी अजून बाकी होती हो! मी माइकवर "अहो थांबा, थांबा" करतोय आणि बसच्या खिडकीतून एक जण अंगठा दाखवून ओरडतोय, "क्या एंडिंग था, भैया!"

*

एकदा जयाच्या बहिणीची हळद आणि आमचा कार्यक्रम एकाच दिवशी आले. मी मनातून खूश झालो. पालघरहून एक क्लास केलेला ड्रमर आणला. गुणी मुलगा! जे सांगितलं ते आणि तेवढंच वाजवलं. माझा शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मला हवं होतं तसं गाणं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

गाणं संपल्यावर पुढे बसलेल्या एक काकू अगदी प्रेमाने म्हणाल्या, "चालू दे तुमचं टेस्टिंग. कार्यक्रम कधी सुरू करताय?"

जयाला मी हे सांगणारच नव्हतो. मंगेशने फोन करून सांगितलं, त्याच संध्याकाळी.

*

आता हे जरा गंभीर. पालघरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये स्पर्धा होती, तिथे आम्ही आपटलो. परीक्षक म्हणाले, "ड्रमर शब्दांच्या अंगावर चढतो. आणि धृपद संपल्यावर जिथे दोन ठोके हवेतच, तिथे हात वर करून गप्प बसतो! तिथे गाण्याला खड्डा पडतो."

मलाही तो खड्डा त्या दिवशी पहिल्यांदाच जाणवला होता. गाळ्यात कधी जाणवला नव्हता. बाहेर टपरीवर मी जयावर उखडलो. "नको तिथे धुमाकूळ घालतोस आणि हवं तिथे झोपतोस! 'दार उघडंच आहे, बाबा' म्हटलं की दोन ठोके दे. काय अवघड आहे त्यात?"

जया बशीत चहा ओतत शांतपणे म्हणाला, "ती जागा माजी नाय. तितं काका वाजवतात."

"कोण काका?"

"तुजे बाबा!"

दुसऱ्या दिवशी गाळ्यात गाणं सुरू केलं आणि मी पहिल्यांदा कान भिंतीकडे दिला. 'दार उघडंच आहे, बाबा.' जयाच्या काठ्या हवेत. भिंतीपलीकडून, ठाक. ठाक.

जया सगळं गाणं बाबांच्या हाताच्या वेगावर धरत होता. चहाच्या सुट्टीनंतर बाबांचा हात जरा जलद चालायचा, म्हणून गाणंही पळायचं, आणि मी इतके दिवस त्याला शिव्या घालत होतो! ज्या माणसामुळे बाबांना माझं गाणं ऐकू जात नाही असं मी धरून बसलो होतो, त्याने त्यांना रोज गाण्यात घेतलं होतं. मी गिटार खाली ठेवली. मंगेशने नेहमीप्रमाणे वेळ मारून नेली, "म्हणजे आपला बँड चौघांचा आहे म्हण की!"

बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशीही घरी येऊन म्हणाले, "तुमचा तो पोरगा माज्या मागंच लागलाय. मी थांबलो का तो वाजवतो, मी दाबलं का तो गप!"

*

बाबा रिटायर झाले त्या दिवशी वर्कशॉपमध्ये छोटा निरोप समारंभ ठेवला होता. शाल, नारळ, समोसे, चहा. मालक म्हणाले, "आज प्रेस बंद. आज काकांनी फक्त बसायचं." प्रेसवर झेंडूची माळ घातली होती. बाबा खुर्चीत अवघडून बसले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

मालकांनी आम्हाला गाणं म्हणायला सांगितलं होतं, म्हणून सगळं सामान गाळ्यातून तिथे आणून मांडलं होतं. प्रेस बंद, कानांत बोळे नाहीत. आज शब्द ऐकू जाणार होते!

मी सुरुवात केली. जया इतकं हलकं वाजवू शकतो हे मला माहीतच नव्हतं. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मासवणची वाट आली, झाकून ठेवलेलं ताट आलं. मग ती ओळ आली, 'दार उघडंच आहे, बाबा.'

काठ्या हवेत. आणि पुढे नुसती शांतता.

मालक मागे बघून म्हणाले, "काय रे, लाइट गेली का?"

दुसरं कडवं, पुन्हा ती ओळ, पुन्हा शांतता. या वेळी बाबांनी मान वर केली. जयाने हवेतली एक काठी हळूच प्रेसकडे वळवली. बाबांच्या दोन्ही हातांची बोटं खुर्चीच्या हातांवर आपोआप दाबली गेली, आणि त्यांना कळलं. मी बघितलं ना, त्या क्षणाला त्यांना कळलं!

ते उठले. शाल खुर्चीवर ठेवली, समोशाची बशी मालकांच्या हातात दिली. सगळ्यांना प्रेसभोवती जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या मागे सारलं. माळ उतरवून बाजूला ठेवली, रिकाम्या डायवर एकदा नजर टाकली आणि मोटर चालू केली. प्रेसचं चाक वेग घेईपर्यंत जयाने गाणं धरून ठेवलं. काय धरलं होतं! पिंपं, पितळी पंखा, आईकडून मागून आणलेलं पारडं, सगळं सगळं वाजवलं त्याने. पत्र्याचं छप्पर थरथरत होतं आणि मला वाटलं, वाजव बाबा, आणखी वाजव.

मग बाबांनी मान हलवली. मी ओळ घेतली. 'दार उघडंच आहे, बाबा.'

ठाक. ठाक.

पुढची ओळ माझ्याच्याने म्हणवेना. ती मंगेशने म्हटली, आणि मंगेशला अजिबात गाता येत नाही. कुणाला काही फरक पडला नाही.

गाणं संपलं. बाबांनी मोटर बंद केली, चिंधीने हात पुसले आणि जयाजवळ आले. "आता मी काय हितं येनार नाय," ते म्हणाले. "उद्यापास्नं ती जागा तूच वाजव."

जयाने मान हलवली. "नाय काका. ती मोकळीच र्‍हाईल."

बाबांनी खुर्चीवरची शाल उचलली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "संज्या, उद्या किती वाजता यायचं?"