दारातली गाडी

आमच्या ह्यांनी जन्मभर साहेबांची गाडी चालवली. साहेब गेल्यावर बाईंनी ती जुनी, उंची गाडी ह्यांनाच देऊन टाकली. तेव्हापासून ती दारात उभी आहे. तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल मात्र हे दरवर्षी न चुकता बदलतात.

आजही गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून हे खाली आडवे झाले. आधी तेल भरायचं बूच सुटतंय ना ते पाहिलं, मग खालचं सोडलं. गेल्या वर्षी ओतलेलं तेल तसंच लालभडक बाहेर आलं.

“अहो, हे कुठे मळलंय? कशाला उगाच खटाटोप?”

“तू वर बस.”

खालचं बूच लावून नवं तेल भरल्यावर मी इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवला. रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह. ते खालून सांगत होते, मी दांडा सरकवत होते. जास्तीचं तेल भरायच्या भोकातून थेंब थेंब गळायला लागलं तसं त्यांनी तेही बूच आवळलं. सगळे गिअर पडले, आणि आम्ही जागचे हललो नाही.

गाडी खाली उतरवली तेव्हा माझं डोकंच फिरलं. “एवढी निगा राखता, मग कधी बाहेर का काढत नाही?”

“कुणी सांगितल्याशिवाय कशी काढणार?”

“मग मी सांगते. काढा!”

त्यांनी हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मागचं दार उघडून धरलं. मी आत बसले.

“कुठे घ्यायची?” त्यांनी विचारलं.

मी काच खाली केली, वर केली. मला एकही ठिकाण आठवेना.