मल्हारीमामांची मुदत

"घ्या मामा, दहा वर्षं बघायला नको," असं दुकानदारानं म्हटलं की मल्हारीमामा हातातली वस्तू खाली ठेवायचे. "येवढी टिकाऊ मला काय करायची? दोन-तीन वर्सं चालंल आसली दाव." बादली असो, छत्री असो की चप्पल, वरवंडच्या बाजारात मुद्दाम हलका माल मागणारं हे एकच गिऱ्हाईक होतं.

मामा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते आणि प्रकृती खणखणीत होती. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मामांनी विहीर पाडली आणि शेतीत बस्तान बसवलं. असा माणूस आवराआवरीला लागला होता, कारण त्यांचा विमा साठाव्या वर्षी पुरा होत होता. विमा उतरवताना एजंटानं सांगितलं होतं, की कंपनीत आयुष्याचा हिशोब करणारी माणसं मुद्दाम बसवलेली असतात. मामांनी दोन्ही गोष्टी जोडून टाकल्या. कंपनीनं हिशोब केला, साठ आलं, म्हणजे साठाव्या वर्षी आपण जाणार! याचं त्यांना दुःख नव्हतं. उलट, पुढचं माहीत असल्याची एक ऐट त्यांच्या बोलण्यात होती.

आणि माझं नशीब असं, की तसले हिशोब करणाऱ्यांतलाच मी एक. त्यांच्या शेजारच्या घरात वाढलेला मी पुण्यात एका विमा कंपनीत ॲक्चुअरी होतो. किती माणसं किती वर्षं जगतील याचे अंदाज बांधायचे, हाच माझा धंदा. "मामा, ती पैसे मिळायची तारीख आहे, मरायची नाही," मी सांगायचो. मामा डोळे मिचकावायचे. "तुमाला सांगायची बंदी आसती. म्हाईत हाय मला."

इथवर मीही हसत होतो. मग मामा चालताना दाराच्या चौकटीला, बैलगाडीच्या जुवाला धडकायला लागले. मी त्यांना दौंडला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, पण औषधाचे थेंब रोज घातले तर राहिलेली वाचेल. मात्र थेंब आयुष्यभर घालावे लागतील.

"आविष्यभर म्हंजी दीड वर्स," परतताना मामा एसटीत मला म्हणाले. "येवढ्यासाठी दौंडच्या खेपा कोन घालनार?"

बाटली आणली, पण ती फळीवरच राहिली. मामी रडल्या, मुलानं आदळआपट केली, आणि शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले. शिकलेला मीच ना! मी मामांच्या ओट्यावर बसून त्यांच्याच भाषेत समजवायला गेलो.

"मामा, कळपातली कितीतरी कोकरं पहिल्याच पावसाळ्यात जातात. सगळ्यांची सरासरी काढली तर आयुष्य थोडंच दिसणार. पण जी मेंढी चार पावसाळे काढून उभी आहे, तीही तेवढ्यातच जाईल का?"

"छ्या! ती लई जगंल आजून."

"मग तुम्ही?"

"मेंढराचं कोन लिवून ठिवतंय? माजं कंपनीनं लिवलंय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बरं, तू सांग. मी कवा जानार?"

"एका माणसाचं कुणालाच सांगता येत नाही, मामा."

"बग. तुला येत न्हाई. त्यांनी तर तारीख छापून दिलीया."

माझ्याजवळ 'माहीत नाही' एवढंच खरं होतं, आणि छापलेल्या तारखेपुढं ते काय टिकणार? तेव्हा मला स्वतःच्या विद्येचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी आला नाही.

साठावं वर्ष लागलं आणि सरलंही. विम्याचे पैसे मिळाले. मामा एसटी चुकलेल्या माणसासारखे दिवसभर ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "आता रं काय करायचं?" दुसऱ्या दिवशी आम्ही दौंड गाठलं. डॉक्टरांनी बत्ती मारून पाहिलं आणि मान हलवली. थोडी नजर उरली होती, तीही फार टिकली नाही.

त्यानंतर मामा चांगली चौदा वर्षं जगले. बहुतेक सगळी अंधारात.

एकदा भेटायला गेलो तर नात त्यांच्या मांडीवर होती, तीनेक वर्षांची. ती जन्मली तेव्हा मामांची नजर पुरती गेलेली होती. सून चहा टाकायला आत गेली, तसे ते हळूच म्हणाले, "घरातली मला बरं वाटावं म्हनून कायबी सांगत्यात. तू तसं बोलायचा न्हाईस. पोरगी कुनावानी दिसती?"

मी पोरीकडं पाहिलं. रुंद कपाळ, बसकं नाक, हनुवटीला खळी.

"तुमच्यासारखी, मामा. हुबेहूब."

या वेळी त्यांनी माझं लगेच खरं मानलं. पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. मग तो हात स्वतःच्या चेहऱ्याकडं गेला, आणि कपाळ, नाक, हनुवटी असा कितीतरी वेळ चाचपडत राहिला.