ज्या अंगाईवर सगळे नाचले

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षातले हे प्रकरण. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, अटकही झाली नाही. तरी निवृत्तीनंतर जी प्रकरणे मनातून जात नाहीत, त्यांत हे सगळ्यात वर आहे.

त्या वर्षी एका मराठी गाण्याने बेंगळुरूत धुमाकूळ घातला होता. 'निद्दे बा गं, बेगा बा' अशी त्याची सुरुवात. निद्दे म्हणजे झोप. झोपेला लवकर ये म्हणणारे हे कानडी शब्द, पुढे मराठी ओळी आणि मागे दणदणीत ढोल. लग्नात, गणपतीच्या मिरवणुकीत, कंपन्यांच्या पार्ट्यांत लोक त्यावर नाचायचे. मराठीचा गंध नसलेलेही नाचायचे. गाणे करणारा तरुण नागपूरचा, इथे आयटीत नोकरीला होता.

एका सकाळी बसवनगुडीच्या आमच्या ठाण्यात हजेरी नुकतीच संपली होती. एक वृद्ध गृहस्थ आत आले. सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र घरातल्या चपला. मी बेळगावकडचा, मराठी बोलणारा, हे कुणीतरी त्यांना सांगितले असावे.

"साहेब, ते गाणं माझ्या बायकोचं आहे," ते म्हणाले.

मला वाटले, हक्कांचा वाद. मी म्हणालो, "काका, त्यासाठी वकील गाठा. ते काम कोर्टाचं."

"मला हक्क नकोत. मला माझी मुलगी हवी आहे."

मग त्यांनी सपाट आवाजात त्या गाण्यातल्या दोन ओळी म्हटल्या. 'भोंगा झाला, बाबा आले, टुम्पीबाईंचे डोळे मिटले.' त्यांच्या पत्नीने मुलीला थोपटताना रचलेली ही अंगाई. कारखान्याचा भोंगा व्हायचा, वडील घरी यायचे, तोवर मुलगी पेंगुळलेली असायची. टुम्पी हे तिचे घरातले नाव; बाहेर कुणालाच ठाऊक नव्हते.

"त्या पोराने हे तिच्याच तोंडून ऐकलं असणार," ते म्हणाले. "ती याच शहरात आहे."

मी जुनी फाइल काढायला लावली. मुलगी बारा-तेरा वर्षांपूर्वी घरातून निघून गेली होती. एका वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या कानडी मुलाशी तिला लग्न करायचे होते आणि त्याची जात वडिलांना मान्य नव्हती. वडिलांनी अपहरणाची तक्रार दिली. जोडपे सापडले नाही, तेव्हा त्या वेळच्या अंमलदारांनी मुलाच्या भावाला उचलून आणून ठाण्यात बसवून ठेवले. पुढे प्रकरण थंडावले आणि ती नुसती 'बेपत्ता' राहिली.

"तिच्या आई कशा आहेत?" मी विचारले.

"ती गेली. तीन वर्षं झाली. शेवटपर्यंत रोज फोनजवळ बसायची, टुम्पीचा येईल म्हणून. टुम्पीला माहीत नाही."

गाणे करणाऱ्या तरुणाला मी ठाण्यात बोलावले. तो येताना मित्राला सोबत घेऊन आला. मी मित्राला बाहेर बसवले. दोघे असले की एक बोलतो आणि दुसरा त्याला सांभाळतो, हा माझा अनुभव.

"गाणं तुझं?"

"हो सर. म्हणजे, ओरिजिनल कॉम्पोझिशन आहे."

"टुम्पी म्हणजे काय?"

"तसं काही नाही सर. कॅची वाटलं म्हणून टाकलं."

"आणि भोंगा? तू भोंगा कधी ऐकलास?"

तो म्हणाला, ते लोकगीत आहे, इंटरनेटवर सापडले. कुठे सापडले, ते त्याला सांगता येईना. खोटे बोलणारा माणूस बहुधा एकाच गोष्टीला घाबरलेला असतो. ती गोष्ट कोणती हे कळले, की अर्धे काम होते. हा चोरीच्या आळाला घाबरला होता. मी खुर्ची जवळ ओढली. "तुझ्यावर चोरीची तक्रार नाही. एका म्हाताऱ्या माणसाची मुलगी हरवली आहे. तेवढ्यासाठी विचारतोय."

त्याने मान खाली घातली आणि सगळे सांगितले. येलहंकात तो भाड्याने राहायचा. शेजारच्या घरात एक बाई रोज संध्याकाळी मुलीला निजवताना हे गायची आणि बाथरूमच्या झरोक्यातून त्याला स्पष्ट ऐकू यायचे. त्याने ते मोबाईलवर रेकॉर्ड केले, चाल जलद केली, खाली ढोल टाकला. गाणे गाजल्यावर ती बाई त्याच्या दारात आली होती.

"काय म्हणाली?"

"गाणं काढून टाका म्हणाली. म्हणाली, यावरून आम्हाला शोधतील. मला वाटलं, ओव्हररिअ‍ॅक्ट करतेय. मी म्हटलं, ताई, आता ते सगळीकडे गेलंय." मग तो म्हणाला, "पुढच्याच आठवड्यात त्यांनी घर सोडलं सर."

आतापर्यंत मी हरवलेली मुलगी शोधत होतो. या वाक्यानंतर कळले, की ती हरवलेली नाही, लपलेली आहे.

येलहंकाच्या घरमालकाने सांगितले, की नवरा यशवंतपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. मी साध्या कपड्यांत गेलो, सोबत महिला उपनिरीक्षक घेतल्या. नवरा गेटवर आला. आम्ही कोण ते सांगताच त्याचा चेहरा पांढरा पडला. "माझ्या भावाला पुन्हा नेऊ नका," तो कानडीत म्हणाला. त्याला विश्वास बसेपर्यंत बराच वेळ गेला. मग तो आम्हाला घरी घेऊन गेला.

तिने दार उघडले, आम्हाला पाहिले आणि मुलीला आतल्या खोलीत पाठवले. उपनिरीक्षकांनी जबाब घेतला. तिने सांगितले, मी सज्ञान आहे, स्वखुशीने इथे राहते, माझा पत्ता वडिलांना देऊ नये. कायद्याने तसा तिला अधिकार होता. मी तिला तसे सांगितले.

निघण्याआधी राहवले नाही म्हणून विचारले, "वडिलांवर इतका राग, मग मुलीला तेच गाणं कसं?"

"ते आईचं गाणं आहे," ती म्हणाली. "त्यातले बाबा चांगले होते." मग तिने हलकेच विचारले, "आई कशी आहे?"

मृत्यूची बातमी द्यायची वेळ नोकरीत अनेकदा आली. तिची सवय होत नाही. मी सांगितले. ती जमिनीवर बसली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. नवरा पाणी घेऊन आला, तिच्या शेजारी बसला आणि पेला हातात धरून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांच्या घरी गेलो. ती सुखरूप आहे, पत्ता देता येणार नाही, एवढे सांगितले. ते वाद घालतील, वरिष्ठांकडे जातो म्हणतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी फक्त विचारले, "तिच्या आईचं सांगितलंत?"

"हो."

"तेव्हा जवळ कोणी होतं तिच्या?"

"नवरा होता. शेजारी बसला होता."

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं, तो होता."

फाइल बंद झाली. काही महिन्यांनी तिचा मला ठाण्यात फोन आला. वडिलांचा नंबर तोच आहे का, एवढेच तिने विचारले. घरातला जुना लँडलाइन, तिला पाठ असणारच. मी म्हणालो, तोच आहे, बदललेला नाही. पुढे दोघे काय बोलले, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलेही नाही.

माणूस कुठे आहे, हे पोलीस शोधू शकतात. तो घरी फोन का करत नाही, याच्यासाठी आमच्याकडे कलम नाही. वडील मुलीची वाट पाहत होते, मुलगी वडिलांच्या एका शब्दाची. दोघांना वाटत होते, वेळ आहे. तो फोन वाजावा म्हणून जी आई रोज त्याच्याजवळ बसायची, तिच्याकडे मात्र तेवढा वेळ नव्हता.