मामांची रुई

मामांना कतारच्या वाळवंटात एकही झाड परकं नव्हतं. हे आमच्या कंपनीचे बीडकडचे ड्रायव्हर. अल रुवैसच्या साइटला जाताना गाडी हळू करून रस्त्याकडेचं सगळं गणगोत दाखवायचे. "ते गोखरू, लघवीच्या जळजळीवर. ही घोळ, भाजीला. अन् ती बोर. हितले लोक सिद्र म्हणत्यात, पाल्यानं डोकं धुत्यात." मी पुण्याचा इंजिनिअर. फोनवर फोटो काढून लॅटिन नावं शोधायचो आणि मोठ्यानं वाचून दाखवायचो. मामा "असंल, असंल" म्हणायचे.

एकदा वाळूतल्या वेलावर पट्ट्यापट्ट्यांची इवलीशी फळं दिसली. "मामा, कलिंगडं!"

"कडू वृंदावन हाय ते. तोंडाला लावू नका."

मी लावलं. थुंकता थुंकता दोन बाटल्या पाणी संपलं. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होते. "सायब, गोड असतं तर शेळ्यांनी तुमच्यासाठी ठिवलं असतं का?"

ही माझी अक्कल! तरी अल नस्रमधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगची देखरेख माझ्याकडेच होती. मागच्या भिंतीला एक रानटी झुडूप माजलं होतं. मी सफाईवाल्यांना ऐटीत म्हणालो, "यल्ला, काढून टाका!"

शनिवारी मामा पिशवी घेऊन त्या भिंतीपाशी नुसतेच उभे. ती रुई होती. दर शनिवारी तिची अकरा पानं ओवून ते खोलीतल्या मारुतीच्या तसबिरीला हार घालायचे, आणि एक पान गरम करून स्वतःच्या गुडघ्याला बांधायचे. बारा वर्षांचा नेम. नेम मला माहीत होता, झाड तेवढं माहीत नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खलास," मामा म्हणाले. "पर मूळ हाय. फुटंल."

ती फुटायच्या आत मामांची नोकरी संपली. शेवटचे तीन शनिवार त्यांचा मारुती हाराविना राहिला, माझ्यामुळे. निघताना त्यांनी तसबीर माझ्याच हातात दिली. "पानं आली की हार घाला. वळखाल न्हवं? अन् चीक डोळ्याला लागू देऊ नका."

मी रोज भिंतीपाशी जाऊन वाकून बघायचो. वॉचमनला वाटलं, साहेबांचं काहीतरी हरवलंय. अखेर कोंब आले, पानं धरली. फोटो काढला, पण या वेळी थेट मामांना पाठवला. "हीच ना?"

"हीच. शिकलात की, सायब!"

शनिवारी वेडावाकडा हार ओवला, तसबिरीला घातला आणि एकदम भरून आलं. डोळे पुसायला हात वर नेला आणि तसाच थांबलो. आधी साबणानं हात स्वच्छ धुतले. मग निवांत रडलो.