दुसऱ्या गुडघ्याची भूल

मेन स्विच बंद आहे असं मालकानं शपथेवर सांगितलं, तरी तारेला आधी टेस्टर लावून बघणारा हा वायरमन. चौतीस वर्षं शिड्या चढून त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले. उजवा पाच वर्षांपूर्वी पूर्ण भूल देऊन बदलला. मधुमेह होताच, तेव्हा साखर तीनशेवर गेली आणि जखम भरायला दोन महिने लागले. डाव्याचंही तसंच झालं, तर शिडी कायमची सुटणार होती.

म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरबाई तपासायला आल्या, तेव्हा त्यानं त्यांना प्रश्नांनी भंडावून सोडलं. झोपलेल्या माणसाची साखर वाढतेच कशी? बाईंनी सांगितलं, माणूस झोपला तरी गुडघ्याची खबर वर पोचते. शरीराला वाटतं संकट आलं, आणि ते रक्तात साखर सोडतं. या वेळी कमरेत इंजेक्शन देऊ, शिवाय मांडीत नसेजवळ ब्लॉक, म्हणजे पाय बधिर ठेवणारं औषध. बरीचशी खबर वाटेतच अडेल.

“म्हणजे एका खोलीचा फ्यूज काढायचा, बाकी घर चालू,” तो म्हणाला.

“अहो, त्यांचं काम त्यांना करू द्या की,” बायकोनं टोकलं.

ऑपरेशनभर तो जागा होता. हातोडीचे ठोके सुरू झाल्यावर मॉनिटरवर नाडी वाढली. गुडघा बंद असताना हे कसं, असं त्यानं तिथंच विचारलं.

“काका, कानांची लाइन चालू आहे ना,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी साखर एकशे साठ भरली. पाय अजिबात दुखत नव्हता. ब्लॉक उतरायच्या आत घ्यायच्या, असं बजावून नर्सनं दुखण्याच्या गोळ्या दिल्या. तिची पाठ वळताच त्यानं त्या उशीखाली सारल्या. लोडच नाही तर जनरेटर कशाला चालवायचा?

सकाळी नऊला ब्लॉक उतरला आणि दुखणं एकदम अंगावर आलं. तासाभरात साखर दोनशे सत्तर. बाई धावत आल्या. रात्रीच्या गोळ्या घेतल्या होत्या का, एवढंच त्यांनी विचारलं. बायकोनं उशी उचलली.

“पाय गप्प होता,” तो म्हणाला. “मला वाटलं, बरा आहे.”

दुखण्याचं औषध शिरेतून गेलं, जोडीला इन्सुलिन. दुपारी चारला साखर एकशे पंचाहत्तरवर उतरली. पुढची गोळी त्यानं स्वतःहून मागितली, तीही वेळेच्या दहा मिनिटं आधी.

बाराव्या दिवशी टाके काढले. जखम कोरडी होती. शिडी कधी, असं त्यानं सर्जनना विचारलं. ते म्हणाले, तीन महिन्यांनी बघू.

“चार,” बायको म्हणाली.