फक्त काज-बटन राहिलं

मी मूळचा अकोल्याचा, धंद्यानं टेलर. अमरावतीत येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी गल्लीत मी अजून ‘अकोलेवाले मास्तर’च. राजकारणात मी आळशीपणामुळे आलो, खोटं कशाला बोलू. एका पक्षाचे झेंडे वेळेवर झाले नाहीत, तर त्या लोकांनी मला उरलेल्या झेंड्यांसकट ऑटोत कोंबलं. मोर्च्याच्या सभेत बसून मी काठ दुमडत होतो. वक्ता आलाच नाही, म्हणून माईक माझ्या हातात आला. तोंड तर माझं पहिल्यापासून चालूच आहे.

तेव्हापासून लोक गाऱ्हाणी घेऊन दुकानात येऊ लागले. पण माझ्या डोक्यात एकच होतं, आपल्या गल्लीत नळ. बायको दोन गल्ल्या सोडून पाणी आणायची, एका हातानं गुडघा धरत. मला ते पाहवत नव्हतं, अन् ती एका शब्दानं बोलायची नाही याचा जास्त राग यायचा.

आठ-दहा बाया घेऊन मी पाण्याच्या ऑफिसात धडकलो. साहेब मान वर न करता म्हणाले, “झालंच आहे मास्तर. फक्त सही राहिली.”

हे तर बाप्पा आपलंच वाक्य! गिऱ्हाईक आलं की मी म्हणतो, ‘झालं, फक्त काज-बटन राहिलं.’ तेव्हा कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसते.

“साहेब, फाइल अजून उघडलीच नाही न तुमी?”

आता साहेबांनी वर पाहिलं. “अन् माह्या सफारीचं काय? पोरीच्या साक्षगंधाच्या आदल्या दिवशी बी तुमी काज-बटनच राहिलं म्हणत होते. जुन्या शर्टावर उभा राहिलो मी पाहुण्यांपुढे.”

कापड माझ्या कपाटात घडीच्या घडी पडलेलं होतं. मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांचेही ब्लाऊज माझ्याकडेच अडकले होते.

“परवा सफारी आणतो,” मी म्हणालो, “तुमी सही करा.”

दोन दिवस मशीनवरून उठलो नाही. काज बायकोनं केले. साहेबांनी सफारी अंगात घालून पाहिली, अन् सही केली. महिन्याभरात पाइप आला, दारात नळ बसला. बायकोनं नळाला हळद-कुंकू लावलं, खाली पाणी भरायचा गुंड मांडला अन् तोटी फिरवली. थेंब नाही. मी साहेबांना फोन लावला.

“झालं मास्तर,” ते म्हणाले, “फक्त काज-बटन राहिलं.”

बायकोनं रिकामा गुंड कमरेवर घेतला, माझ्याकडे नुसतं पाहिलं अन् दोन गल्ल्यांपलीकडे निघाली. पंचवीस वर्षं माझी गिऱ्हाइकं अशीच पाहून परत जात होती.