अप्पांची मूठ

आमच्या घरी दिवाळीच्या मटणाला मीठ-मसाला लावायचा मान अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. एरवी ते स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा यायचे नाहीत. त्या दिवशी मात्र तेल लावून न्हाणं झालं की कमरेची वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, खोचून पितळी परातीपुढे बसायचे. हळद, मिरचीपूड, दही, पाट्यावर वाटलेली बडीशेप-लसूण, आणि चार किलोला एक मूठ मीठ. चाखून बघायची सोय नव्हती. पहिलं पान वाडवडिलांसमोर ठेवायचं, तोवर कुणी बोटही चाटायचं नाही. लहानपणी मी एकदा चाटलं, तर गावच्या पार दुसऱ्या टोकाच्या राजवाड्यापर्यंत ऐकू जाईल असा आरडाओरडा आईने केला होता.

"मिठाचं कसं कळतं, अप्पा?"

"मूठ सांगती," म्हणायचे. ऐट तर बघा!

मग त्यांचे हात कापायला लागले आणि परात माझ्याकडे आली. मी शाळेत गणित शिकवणारी: चार किलो, एक मूठ. मूठ कुणाची, हे काही डोक्यात आलं नाही. त्यांचा पंजा केवढा, माझा केवढा! पहिल्या घासालाच कळलं, मटण पार अळणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी केळीच्या पानाच्या कोपऱ्यातलं मीठ गुपचूप रश्श्यात कालवलं, पुन्हा वाढून घेतलं आणि म्हणाले, "रोंब बेस, फार बेस झालंय ग."

ती त्यांची शेवटची दिवाळी. पुढचं वर्ष आम्ही सण केला नाही. यंदा परात पुन्हा काढली. मी दीड मूठ मीठ टाकलं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. चाखायचं तर नाहीच, आणि आता पहिलं पान त्यांचंच. पुन्हा अळणी झालं असलं तर पहिला घास त्यांनाच जाणार होता, आणि या खेपेला त्यांना सावरून घेता येणार नव्हतं.

नैवेद्याच्या पानावर मीठ वाढत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी फोटोसमोर पान मांडलं. आई डोळे मिटून, हात जोडून उभी होती. ती बघत नाही असं पाहून मी पानाच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ ठेवलं.

वळले, तर तिचे डोळे उघडे होते. आता ओरडणार, म्हणून मी मान खाली घातली.

"आणखी थोडं वाढ," आई म्हणाली. "तेवढं त्यांना पुरत नव्हतं."